टिश्यूचे रोप आणि गुणसूत्रांची चाळणी

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्याच्या कापसाची वंशावळ मागे नेत गेले तर ती तालुक्यात थांबत नाही, शेजारच्या जालन्यातही थांबत नाही. ती थेट अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यापर्यंत पोचते. तिथे कोकर ३१२ नावाच्या कापसाच्या कोवळ्या रोपाचे तुकडे पोषक माध्यमावर ठेवले होते. त्या तुकड्यांवर कॅलस धरला, म्हणजे पान नाही, मूळ नाही, नुसता वाढत जाणाऱ्या पेशींचा गोळा. त्या पेशींत बोंडअळीला मारणारे बीटी जनुक घातले गेले आणि अशा एका पेशीपासून अख्खे झाड उभे केले गेले. त्याचा वंश पुढे जालन्याच्या महिकोमार्फत भारतीय संकरित वाणांत उतरला. मार्च २००२ मध्ये केंद्राने पहिल्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली आणि काही वर्षांत उमापूरपासून मादळमोहीपर्यंतच्या शिवारात दुसरा कापूस शोधून सापडेनासा झाला.

टिश्यू कल्चर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केळी येते. गोदाकाठी आणि पैठणच्या उजव्या कालव्यावर ती आहेही. पण काचेतून बाहेर पडलेली पिके गेवराईत तीन आहेत: कापूस, ऊस आणि केळी. तिघांच्या बाबतीत एकच जुना प्रश्न उभा राहतो. पेशींना झाडापासून तोडून बाटलीत वाढवले आणि त्यांतून पुन्हा झाड घडवले, तर त्या झाडाची गुणसूत्रे मूळ झाडासारखीच राहतात का? या प्रश्नावर गेल्या साठेक वर्षांत ढीगभर काम झाले आहे. आपल्याकडे मात्र त्याची चर्चा दोनच सुरांत चालते. विकणारा सांगतो, टिश्यूची रोपे शंभर टक्के सारखी. फसलेला सांगतो, टिश्यूने बियाणे बिघडते. दोन्ही अर्धी खरी आहेत.

आधी बाटलीत काय होते ते पाहू. वनस्पतीची एक सुटी पेशी पूर्ण झाड देऊ शकेल, अशी कल्पना ऑस्ट्रियाच्या गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. ती प्रत्यक्षात यायला अर्धे शतक लागले. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी दाखवले की ऑक्झिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचे प्रमाण बदलले की त्याच पेशी कधी मुळे फोडतात, कधी कोंब. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी जे माध्यम ठरवले, ते आजही जगभरच्या बहुतेक प्रयोगशाळांत ‘एमएस’ या नावाने रोज ओतले जाते. भारतानेही यात मोलाची भर घातली. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांपासून एकपट गुणसूत्रांची रोपे मिळवली. म्हणजे गुणसूत्रांची संख्या हवी तशी निम्मी करता येते, हे जगाला दिल्लीतून कळले. नको असताना ती आपोआप बदलते, हे मात्र ठिकठिकाणी आणि निमूटपणे दिसू लागले होते.

पेशी विभागते तेव्हा प्रत्येक गुणसूत्राची आधी नक्कल होते, मग दोन्ही प्रती दोन टोकांना ओढल्या जातात. झाडाच्या शेंड्यात ही शिस्त कडक असते, कारण तिथूनच पुढचे झाड आणि पुढचे बी तयार व्हायचे असते. कॅलसमध्ये ती शिस्त सैल पडते. पेशी भराभर विभागतात, त्यांच्यावर २,४-डीसारख्या संप्रेरकाचा मारा असतो (तणनाशक म्हणून शेतकऱ्याला ओळखीचे असलेले तेच २,४-डी, अत्यल्प मात्रेत) आणि शेजारच्या पेशींचा ताबा सुटलेला असतो. मग कधी नक्कल होते पण विभागणी होत नाही, आणि पेशीत गुणसूत्रे दुप्पट होतात. कधी एखादे गुणसूत्र ओढले जाताना मागे राहते. एका पेशीत ते कमी पडते, दुसरीत जास्त होते. कधी गुणसूत्रच तुटते आणि तुटलेले टोक भलत्याच गुणसूत्राला चिकटते. मक्याच्या अभ्यासातून यातली एक पद्धत पुढे आली. गुणसूत्रांच्या काही घट्ट गुंडाळलेल्या भागांची नक्कल उशिरा होते. बाटलीतल्या घाईत ती पूर्ण होण्याआधीच विभागणी सुरू होते आणि नेमका त्याच जागी तुकडा पडतो. मिनेसोटाच्या रोनाल्ड फिलिप्स यांच्या गटाने या दिशेने बरेच काम केले.

याच गटाच्या ओटवरच्या १९८२ च्या अभ्यासातले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. लोदी आणि टिपिकॅनू हे ओटचे दोन वाण. चार महिने कॅलसमध्ये ठेवून वाढवलेल्या लोदीच्या रोपांत गुणसूत्रांचे दोष ४९ टक्क्यांमध्ये निघाले, तर वीस महिने ठेवलेल्यांत ८८ टक्क्यांमध्ये. टिपिकॅनूमध्ये हेच आकडे १२ आणि ४८ होते. त्यातून दोन गोष्टी कळतात. बाटलीत जितका जास्त काळ, तितका बिघाड जास्त. आणि तोच काळ, तेच माध्यम असले तरी प्रत्येक वाण वेगळे वागते. पुढच्या चाळीस वर्षांतल्या संशोधनाने या दोन गोष्टींना तपशील पुरवले, पण त्यांना धक्का लावला नाही.

सगळा दोष बाटलीचा नाही, हेही सांगायला हवे. झाडाच्या अंगातच काही पेशी आधीपासून वेगळ्या असतात. पानाच्या, खोडाच्या, बुंध्याच्या मऊ भागातल्या कित्येक पेशींत गुणसूत्रे दुपटी-चौपटीने वाढलेली असतात. झाड चालते तोवर त्या गुमान आपले काम करतात. त्यांना काढून कॅलस केला की त्या पेशीही रोप होण्याच्या रांगेत उभ्या राहतात. म्हणून कोणत्या भागाचा तुकडा घेतला याला मोल आहे. शेंड्यातल्या सूक्ष्म वाढबिंदूपासून थेट कोंब काढले तर धोका कमी. पान किंवा खोडापासून कॅलस करून मग रोप केले तर जास्त. पेशीची भिंतच विरघळवून एकट्या उघड्या पेशीपासून रोप केले तर सर्वांत जास्त. १९८० मध्ये अमेरिकेत शेपर्ड यांनी अशा उघड्या पेशींपासून बटाट्याची हजारो रोपे केली, तेव्हा त्यांत उंची, कंदाचा आकार, रोगाची लागण, सगळ्यातच फरक दिसले. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लार्किन आणि स्काउक्रॉफ्ट यांनी या साऱ्या प्रकाराला ‘सोमाक्लोनल’ बदल असे नाव दिले. त्यांचे म्हणणे असे की हा नुसता बिघाड नव्हे, पैदासकाराच्या हाती आपसूक आलेली नवी विविधता आहे. नाव मिळाल्यावर त्या दशकात यावर शोधनिबंधांचा पूर आला. त्यातले बरेचसे आज कुणी उघडतही नाही.

पण नुसती गुणसूत्रे मोजून हा हिशेब पुरा होत नाही. मक्यात ‘उड्या मारणारी जनुके’ शोधणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९८३ च्या नोबेल व्याख्यानात पेशीसंवर्धनाला जीनोमला बसणाऱ्या धक्क्यांमध्ये गणले होते. १९८७ मध्ये मक्याच्या कॅलसमधून आलेल्या झाडांत निपचित पडलेली अशी जनुके जागी झालेली सापडली. १९९६ मध्ये जपानात हिरोचिका यांनी भातात टॉस-१७ नावाचा असाच घटक दाखवला. शेतात तो झोपलेला असतो, संवर्धनात नकला काढत सुटतो. गुणसूत्रे मोजायला गेलात तर भाताची २४ ची २४ भरतील आणि रोप तरीही वेगळे असेल. तेलपामचे उदाहरण यातले सर्वांत महागडे. मलेशियात टिश्यूच्या काही पामांना विकृत, तेल न देणारी फळे लागली. ती लागेपर्यंत वर्षे गेलेली. कारण २०१५ मध्ये उघड झाले: डीएनएचा एकही शब्द बदलला नव्हता, फक्त एका उडत्या जनुकावरची रासायनिक झाकणी निघून गेली होती.

म्हणून टिश्यूमध्ये गुणसूत्रे बिघडतात का, एवढे विचारून भागत नाही. बिघडतात. खरा प्रश्न त्या पुढचा आहे: बिघडलेले रोप कोणत्या चाळणीत अडते, आणि ती चाळणी कुणाच्या खर्चाने लागते? गेवराईच्या तीन पिकांची उत्तरे तीन आहेत.

कापसाची चाळणी निसर्गाने फुकट दिलेली आहे. अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२ गुणसूत्रे, देशी कापसात २६. कोकर ३१२ निवडला गेला तो काही उत्तम कापूस होता म्हणून नाही. कॅलसपासून झाड देणारे कापसाचे वाण मोजकेच आहेत आणि कोकर त्यांतला सर्वांत आज्ञाधारक, एवढेच. पण तोही निर्दोष नाही. टेक्सासात डेव्हिड स्टेली आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कॅलसपासून आलेल्या कापसाच्या झाडांची पेशीतपासणी छापली. तुटलेली, अदलाबदल झालेली, हरवलेली गुणसूत्रे त्यांना अशा झाडांत सहज सापडली आणि बरीच झाडे वांझ निघाली. मग अशाच वाटेने आलेल्या बीटी कापसाचे पुढे बरे कसे झाले? कारण ते बियांतून पुढे गेले. फूल धरताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. ज्याच्या जोड्या जुळत नाहीत त्याचा पराग मरतो, बी धरत नाही, आणि वंश तिथेच खुंटतो. त्यावर पैदासकारांनी कोकरचा वंश आपल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकरित करून जनुक तेवढे ठेवले, बाकी बरेचसे धुऊन काढले. बीटीच्या पुढच्या पिढीत, बोलगार्ड-दोनमध्ये, दुसरे जनुक जीन गनने शेंड्यातल्या पेशींत घातले, पण ज्या वाणात घातले त्याच्या अंगात कोकरचाच वंश होता. आजच्या कापसाला गुलाबी बोंडअळी खाते. त्या तक्रारीची कारणे वेगळी आहेत. ती तक्रार गुणसूत्रांच्या माथी मारता येत नाही.

उसाची गोष्ट लांब आहे आणि मराठी माणसाची आहे, म्हणून तिला जागा जास्त.

ऊस हा गुणसूत्रांच्या बाबतीत पंचाईतच आहे. जुन्या रसाळ उसात, सॅकॅरम ऑफिसिनॅरममध्ये, ८० गुणसूत्रे. त्याच्याशी संकर केलेल्या रानटी उसात ४० पासून १२८ पर्यंत. या दोघांपासून आलेल्या आजच्या लागवडीच्या जातींत साधारण १०० ते १३०, आणि तीही कधी कधी एकाच झाडाच्या सगळ्या पेशींत सारखी नाहीत. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास संस्था उभी राहिली. तिथेच पुढे जानकी अम्माल यांनी उसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला, ऊस आणि मक्याचा संकर केला. १९४५ मध्ये त्यांनी डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा संदर्भग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच संस्थेत चाळीसेक वर्षांनी श्रीनिवासन आणि जलजा यांनी ऊस-मका संकराच्या कॅलसपासून रोपे तयार केली. हवाईत डॉन हाइन्झ आणि ग्रेस मी यांनी १९७० च्या आसपासच दाखवले होते की उसाच्या कॅलसमधून आलेल्या रोपांत गुणसूत्रसंख्या आणि बाह्य रूप दोन्हींत फरक पडतो. काहींत तर ज्या मूळ जातीपासून कॅलस केला तीच आतून मिश्र होती. फिजी बेटांवर १९७४ च्या सुमारास पिंडार या जातीच्या कॅलसमधून तिथल्या फिजी रोगाला तोंड देणारे रोप निवडून घेतले गेले. बाटलीतल्या गोंधळातून कामाचा ऊस निघू शकतो याचा हा पहिल्या काही पुराव्यांपैकी एक.

हे उसातच का जमते? उसाकडे प्रत्येक गुणसूत्राच्या कितीतरी प्रती असतात. एखादी हरवली तर बाकीच्या सांभाळून घेतात. बार्लीत किंवा भातात, जिथे प्रत्येकाच्या दोनच प्रती, एक गेली की रोप बहुतेक उभेच राहत नाही. म्हणजे जास्त गुणसूत्रांची पिके बाटलीत जास्त बदलतात असे नव्हे. बदललेले रोप त्यांच्यात जगते आणि म्हणून दिसते. दुसरे असे की ऊस कांडीवर लावला जातो. बियांची चाळणी त्याला नाहीच. जे बदलले ते डोळ्यातून डोळ्यात तसेच पुढे जाते. वाईट बदल असेल तर तोही, चांगला असेल तर तोही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. को-सी ६७१ हा ऊस कुणी विसरलेला नाही. कडलूरला निवडलेला, क्यू ६३ आणि को ७७५ यांचा संकर, आपल्याकडे ‘वसंत-१’ नावानेही ओळखला गेलेला. साखरेचा उतारा जबर, लवकर तयार होणारा, कारखान्यांचा लाडका. पण लाल कुज रोगाला बळी पडणारा. या जातीच्या कॅलसपासून कोइमतूरला जी रोपे केली गेली, त्यांतल्या एका निवडीला को ९४०१२ हा क्रमांक मिळाला. पुढच्या चाचण्यांत महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांचा हात होता. ती आपल्या मूळ जातीपेक्षा सरस ठरली आणि महाराष्ट्रात ‘फुले सावित्री’ या नावाने शिफारस झाली. जलजा, श्रीनिवासन आणि पाडेगावच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर २००६ मध्ये निबंध लिहिला. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची व्हीएसआय ४३४ ही जातही को-सी ६७१ च्याच टिश्यूमधून निवडलेली. भारतातल्या इतर पिकांत इतकी ठसठशीत उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजावीत अशी. मोहरीची ‘पूसा जय किसान’ (वरुणा जातीपासून) त्यांत सर्वांत प्रसिद्ध.

गढीच्या जयभवानी कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी पडते तेव्हा ती बाटलीतल्या बदलाची की नेहमीच्या संकराची, हे कुणी विचारत नाही, आणि विचारायचे कारणही नाही. ऊस तोडणाऱ्या बीडच्या माणसाला तर नाहीच नाही. त्याला मोळीचे वजन कळते. पण फुले सावित्रीमागे जी चाळणी होती ती समजून घेण्यासारखी आहे. कॅलसमधून आलेल्या पुष्कळ रोपांतून एक टिकले. बाकीची कमी फुटव्यांची, पोकळ, साखर कमी असलेली रोपे शेतकऱ्याच्या रानात आलीच नाहीत. ती संशोधन केंद्राच्या वाफ्यात, सरकारी खर्चाने, वर्षानुवर्षे लावणी आणि खोडव्यात तपासून टाकून दिली गेली.

बेण्यासाठी टिश्यू वापरतात ती वाट याहून उलटी. तिथे बदल नकोच असतो. वसंतदादा इन्स्टिट्यूट आणि काही कारखाने शेंड्यातल्या वाढबिंदूपासून रोपे करतात. हेतू हा की गवताळ वाढ, काणी, विषाणू यांपासून मोकळे मूलभूत बेणे मिळावे. त्यापासून पायाभूत आणि मग प्रमाणित बेणे तयार होते. इथे कॅलस मधे येऊ द्यायचा नाही, हा नियम. तोच ऊस, तीच बाटली, पण एका वाटेवर गोंधळ मुद्दाम माजवायचा आणि दुसरीवर तो होऊ द्यायचा नाही. दोन्ही वाटा ‘टिश्यू’ या एकाच नावाने ओळखल्या जातात, त्यामुळे शेतकरी त्यांची गल्लत करतो. त्याला दोष देता येत नाही.

केळीला मात्र चाळणी नाही, निसर्गाची नाही आणि संशोधन केंद्राचीही नाही. खाण्याच्या कॅव्हेंडिश केळीत गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. तीन संचांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून बी नाही, म्हणून बियांची चाळणी नाही. शतकानुशतके ती मुनव्यांवर लावली गेली. जळगावला नव्वदच्या दशकात जैन इरिगेशनने ग्रँड नैनची टिश्यूची रोपे आणली. बसराई, श्रीमंती यांच्या जागी ‘जी-नाइन’ आली. सगळी केळी एकदम निसवतात, अकरा-बारा महिन्यांत घड निघतो, निर्यातीला एकसारखा माल मिळतो. टिश्यूने महाराष्ट्रात कुठल्या पिकाचे सोने केले असेल तर ते केळीचे. हे मान्य करूनच पुढचे बोलावे.

केळीची रोपे शेंड्यापासून होतात, कॅलस मधे नसतो. म्हणून मोठे गुणसूत्रीय बिघाड कमी. तरीही प्रत्येक फेरीत कोंब कापून नव्या बाटलीत टाकायचे, त्यांना सायटोकायनिनने फोडायचे, पुन्हा कापायचे, असे चालते. फेऱ्या वाढल्या की बदललेल्या रोपांचे प्रमाण वाढते. सर्वसाधारण संकेत असा की आठ फेऱ्यांच्या पुढे जाऊ नये आणि एका मुनव्यापासून हजाराच्या वर रोपे करू नयेत. व्यापारी हिशेबाला हे पटत नाही. शेवटच्या फेरीतली रोपे सर्वांत स्वस्त पडतात.

कॅव्हेंडिशमधला सर्वांत नेहमीचा बदल म्हणजे बुटकेपणा. देठ आखूड, पाने रुंद, दाटीवाटीने लागलेली, घडाच्या फण्या घट्ट. पानांवर फिकट पट्टे, जाड चामड्यासारखी पाने, हेही प्रकार दिसतात. या बुटक्यांत गुणसूत्रे मोजली तर बहुधा ३३ च भरतात. संख्या नीट, रोप बिघडलेले. इस्रायल आणि ऑस्ट्रेलियात यावर काम झाले. तिथे लहान रोपांना जिबरेलिक आम्ल देऊन पाहिले: नेहमीचे रोप ताणते, बुटके ताणत नाही. पिशवीतल्या रोपांतच, बाहेरच्या हवेला सरावण्याच्या दुसऱ्या टप्प्यात (कणखरीकरणात), देठ आणि पानाच्या मापावरून यांतली पुष्कळ रोपे वेचून काढता येतात. हे काम रोपवाटिकेत झाले तर खर्च कंपनीचा. नाही झाले तर तो शेतकऱ्याचा. पाच बाय सहा फुटांवर एकरी सुमारे १४५० झाडे बसतात. त्यांतली शंभरात तीन जरी बुटकी निघाली तरी चाळीसहून जास्त झाडांना पाणी, ठिबकचे खत, मजुरी वर्षभर द्यायची आणि घड निघायच्या वेळी हातात काही नाही. नर्सरीने नजर टाकून जे काम दोन महिन्यांत करायचे ते गोदाकाठचा माणूस अकरा महिने पदरमोड करून करतो. केळीच्या चाळणीचा खरा प्रश्न हा आहे.

याची दुसरी बाजूही केळीनेच दाखवली. तैवानमध्ये फ्युजेरियम मररोगाचा चौथा प्रकार आला आणि कॅव्हेंडिशच्या बागा संपायला लागल्या. तिथल्या केळी संशोधन संस्थेने टिश्यूची रोपे मोठ्या संख्येने रोगट जमिनीत लावली आणि त्यांतून तग धरणारी निवडली. जीसीटीसीव्ही-२१८ ही त्यांतली गाजलेली निवड, ‘फॉर्मोसाना’. मूळ केळीइतकी सुबक नाही, पण जिथे दुसरी केळी मरते तिथे घड देते. हाच मररोग आज बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचलेला आहे. जळगावला, नांदेडला किंवा गोदाकाठाला त्याची वेळ येईल तेव्हा टिश्यूच्या बदललेल्या रोपांकडे पाहण्याची आपली नजर एका रात्रीत बदलेल.

सरकारने काय केले? केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये, बियाणे कायदा १९६६ च्या आधारे, टिश्यूच्या रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था उभी केली. प्रयोगशाळांना मान्यता, विषाणूंची चाचणी, आणि मातृवृक्षाशी रोप जुळते का याची डीएनए-खुणांनी पडताळणी. विषाणूंच्या बाजूने हा फायदा मोठा आहे. केळीतला पर्णगुच्छ किंवा काकडी मोझॅक एका रोगट मुनव्यापासून लाखो रोपांत जाऊ शकतो. पण डीएनए-खुणांची चाचणी लांबलचक जीनोममधल्या मोजक्याच ठिकाणी डोकावते. एखादे गुणसूत्र पूर्ण गेले, किंवा तेलपामसारखी रासायनिक झाकणी निघाली, तर तिला ते कळेलच असे नाही. शिवाय चाचणी मूठभर नमुन्यांची आणि विक्री लाखोंची. माझ्या मते प्रमाणपत्राच्या कागदावर रोप कितव्या फेरीतले आहे आणि कणखरीकरणात किती रोपे वेगळी म्हणून काढली, हे दोन आकडे छापणे सक्तीचे करावे. पहिला आकडा प्रत्येक प्रयोगशाळेत रोज वहीत लिहिला जातोच.

हळद, आले, डाळिंब यांबद्दल फार लिहीत नाही. हळद केळीसारखीच तीन संचांची आणि बी न देणारी, ६३ गुणसूत्रांची. वसमतची हळद उद्या टिश्यूवर गेली तर केळीचे सगळे प्रश्न तिला जसेच्या तसे लागू होतील.

शेवटचा भाग नव्या गोष्टीचा. मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या: सांबा महसुरीपासूनची डीआरआर धान १०० (कमला) आणि एमटीयू १०१० पासूनची पूसा डीएसटी राइस १. संपादनाची कात्री अचूक, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ती कात्री चालवायला पेशी बाटलीतूनच घ्याव्या लागतात. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात लुका कोमाई यांच्या गटाने उघड्या पेशींपासून केलेल्या बटाट्याच्या रोपांचा पूर्ण जीनोम वाचला तेव्हा त्यांत गुणसूत्रांची मोठी उलथापालथ दिसली, आणि ती कोणतीही कात्री न चालवता. भाताला बियांची चाळणी आहे, म्हणून तिथे फार चिंता नको. उद्या संपादित केळी आली तर मात्र कात्रीपेक्षा बाटलीबद्दल जास्त विचारावे लागेल. नियमांत मात्र सगळा भर कात्रीवर आहे.

या सगळ्यात गेवराईत काय करता येईल? मुळाचे टोक घेऊन, रसायनात ठेवून, ॲसिटोकार्मिनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजणे हा पदवीच्या वनस्पतिशास्त्रातला प्रयोग आहे. आजही तो कांद्याच्या मुळावर होतो आणि दरवर्षी १६ हेच उत्तर वहीत उतरवले जाते. अट्टल महाविद्यालयासारख्या तालुक्यातल्या विज्ञान महाविद्यालयांनी कांदा बाजूला ठेवून गोदाकाठच्या बागांतली बुटकी केळी आणि वेगळी दिसणारी उसाची बेटे घ्यावीत. खामगावच्या कृषी विज्ञान केंद्राने त्यांची नोंद ठेवावी. राक्षसभुवनच्या १७६३ च्या लढाईवर विद्यार्थी निबंध लिहितातच, राक्षसभुवनच्या केळीवरही लिहितील. आणि शेतकऱ्यांनो, रोपे घेताना बिलावर प्रयोगशाळेचे नाव, लॉट क्रमांक आणि फेरी लिहून घ्या. पिशवीतच बुटके, रुंद पानाचे रोप दिसले तर ते लावू नका, परत करा. उसाच्या फडात मात्र एखादे बेट जोमदार, जाड, गोड आणि बाकीच्यांपेक्षा वेगळे उठले तर ते तोडीत जाऊ देऊ नका. त्याला खुंटी ठोका आणि पाडेगावला किंवा मांजरीला कळवा.